चाच्यांची लव्हस्टोरी लिहायचीय, पण समुद्र कुठंय?

कडकभाकरी: सोलापूरकरांनो, चाचे, जहाज, कैदेतली नायिका असली ऐतिहासिक लव्हस्टोरी लिहायला घेतलीय पण मी पाणी बघितलंय ते सिद्धेश्वर तलावाचं, कॅरिबियन कुठनं आणू?

शेंगाचटणी: कॅरिबियन कशाला बे, कान्होजी आंग्रे आहेत की! १७१२ ला मुंबईच्या गव्हर्नरचं जहाज धरलं, त्यात कारवारच्या इंग्रज वखारप्रमुखाची बायको, नवरा लढाईत मेला, तिला १७१३ ला ३०,००० रुपये घेऊन सोडली. अजून काय पायजे?

जुनीचादर: आंग्र्यांना चाचे इंग्रज म्हणायचे हां, ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्यांनाच हिरो केलास तर शिव्या खाशील. एखादा काल्पनिक पहारेकरी घे.

कडकभाकरी: पहारेकरी भारी! ती नाचणीची भाकरी हुंगून बाजूला सारती आणि हा गुपचूप गूळ ठेवून जातो... लिहायला बसलो.