चर्चा: स्टील प्लेट फुटते ती गोळीच्या वेगाने की गाभ्याने?

धागाकर्ता:
मोठी गोळी म्हणजे जास्त आरपार, हे जिकडेतिकडे ऐकतो आणि मला अजिबात पटत नाही. आपल्या लष्कराच्या जुन्या एसएलआर रायफलची 7.62 मिलिमीटर जाडीची गोळी साधारण 9.5 ग्रॅम, वेग सेकंदाला 840 मीटर. अमेरिकन 5.56 मिलिमीटरची जुनी एम193 गोळी जेमतेम 3.6 ग्रॅम, पण वेग 990 च्या आसपास, एनर्जी जवळपास निम्मी. तरी 6 मिलिमीटरच्या कडक स्टील प्लेटवर जवळून मारली की मोठी अडते आणि छोटी भोक पाडून जाऊ शकते, आणि आत दोन्हीकडे शिसंच. वेगच सगळं ठरवतो.

गणितप्रेमी:
एनर्जी निम्मी तसं गोळीच्या छेदाचं क्षेत्रफळही निम्मंच की हो, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला जोर सारखाच पडला, मग फरक वेगाचा हे मान्य. पण 'सगळं' नाही! 31 डिसेंबर 2017 ला पुलवामात लेथपोऱ्याला सीआरपीएफच्या कॅम्पवर हल्ला झाला तेव्हा बुलेटप्रूफ शील्डच्या आरपार गोळ्या गेल्याच्या बातम्या होत्या. रायफल तीच नेहमीची एके-47, वेग तोच, फक्त गोळीच्या आतला गाभा कडक स्टीलचा. जवान गेले तिथे. याला काय म्हणणार?

रानवाटा:
आणि वाळूत तर उलटंच होतं. अगदी जवळून मारलेली वेगवान गोळी पोत्यात शिरताच फुटते, तीच 200 मीटरवरून आली की वेग उतरलेला असतो, अखंड राहते आणि जास्त खोल जाते.

धागाकर्ता:
वाळूचं ठीक आहे, मी स्टीलबद्दल बोलतोय. शिशाच्या गोळीला वेगाशिवाय दुसरा आधारच नाही.

तुर्भेकर:
पण जवानाच्या अंगावर स्टील घालायचंच कशाला? एकतर जड, वर गोळी अडली तरी तिच्या किरचा मानेत-हनुवटीत उडतात. बोरॉन कार्बाइडचं सिरॅमिक कडक गाभ्याचाच चुरा करतं आणि मागचे थर तो झेलतात. आपल्या ट्रॉम्ब्याच्या बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्र) तंत्रावर भाभा कवच हे बुलेटप्रूफ जॅकेट याच तत्त्वाने बनलं. 2024 मध्ये डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या कानपूर लॅबचं जॅकेट 7.62×54 या रशियन काडतुसाच्या चिलखतभेदी गोळीपुढे टिकलं, ते स्टीलने एवढ्या वजनात जमणार नाही.

गणितप्रेमी:
अंगावर सिरॅमिकच, वाद नाही. पण एकदा तडकलं की त्याच जागी दुसरी गोळी झेलणं कठीण, म्हणून बंकर आणि गाडीला जाड स्टीलच हवं, आणि ते टेस्ट करताना साध्या गोळ्या नकोत, कडक गाभ्याच्याच मारून बघा.