सीमेवरच्या गावाचा जुना फोटो: तुम्ही त्यात काय शोधता?

सीमेवरच्या छोट्या गावातल्या मुख्य रस्त्याचा जुना फोटो हाती आला की मी आधी कडेला बघते. पाट्या, खांब, रूळ. त्या दिवशी तो रस्ता कोणत्या देशात होता, हे बऱ्याचदा तिथेच सापडतं. तुम्ही असा एखादा फोटो निरखला असेल तर लिहा, आणि कशावरून ओळखलंत तेही सांगा.

—

माझ्याकडे चेशिनचं एक पोस्टकार्ड आहे. तारीख नाही, पण रस्त्यात ट्राम उभी आहे. या गावात ट्राम धावली ती फक्त १९११ ते १९२१, त्यामुळे काळ लगेच ठरला. १९२० मध्ये ओल्झा नदीवरून गावाची वाटणी झाली. जुना चौक पोलंडमध्ये राहिला, रेल्वे स्टेशन चेकोस्लोव्हाकियात गेलं. स्टेशनवरून पूल ओलांडून येणाऱ्या ट्रामच्या वाटेतच सीमा आली आणि पुढच्या वर्षी ती बंद पडली. फोटोतली माणसं रुळांजवळ निवांत गप्पा मारताहेत. त्यांना यातलं काहीच ठाऊक नसेल, या विचाराने दरवेळी गलबलून येतं.

—

नोगालेसच्या फोटोंत मी कुंपण शोधतो. एकीकडे अमेरिकेचं ॲरिझोना, दुसरीकडे मेक्सिकोचं सोनोरा, मध्ये रुंद मोकळा रस्ता. ही रुंदी मुद्दाम राखलेली: १८९७ मध्ये अमेरिकेने आपल्या बाजूची ६० फुटांची पट्टी मोकळी ठेवायचं ठरवलं. ऑगस्ट १९१८ मध्ये दोन्ही बाजूंमध्ये गोळीबार झाला, आणि त्यानंतर कायमचं कुंपण आलं. मधला रस्ता उघडा दिसला, तर फोटो बहुधा त्याआधीचा.

—

कार्डाची मागची बाजूही बघा! मजकूर आणि पत्ता यांच्यामध्ये उभी रेघ असेल, तर अमेरिकन कार्ड साधारण १९०७ नंतरचं. ब्रिटनमध्ये ही सोय १९०२ पासून. मात्र हे छपाईचं साल. जुन्या निगेटिव्हवरून पुढे कितीतरी वर्षं कार्डं छापली जात. आणि कृपा करून मागे बॉलपेनने काही लिहू नका, दाब पुढे उमटतो. मऊ पेन्सिल वापरा.

—

गाड्या कोणत्या बाजूने चालल्यात? हापारांडा आणि टोर्निओ ही शेजारची गावं, पण स्वीडनमधल्या हापारांडात ३ सप्टेंबर १९६७ पर्यंत वाहतूक डावीकडून, फिनलंडमधल्या टोर्निओत उजवीकडून. त्याआधीच्या फोटोत एवढ्यावरून गाव ओळखता येतं. फक्त आधी दुकानांच्या पाट्या वाचून घ्या. अक्षरं उलटी असतील तर निगेटिव्हच उलटी छापली गेलीय, आणि मग डावं-उजवं सगळंच फिरतं.