मदत हवी आहे: मालवणला प्रवाळावरची जाळी काढायचीयेत

मंडळी, आमच्या डायव्हिंग क्लबच्या मीटिंगमध्ये समुद्र संवर्धनाचं काम कोण बघणार असं विचारलं तर सगळ्यांनी मोबाईलमध्ये डोकं घातलं, शेवटी मीच हात वर केला. मुंबईच्या पाण्यात गाळ इतका की स्वतःचे फिन्स धड दिसत नाहीत, त्यामुळे काम मालवणलाच करणार, तिथे प्रवाळात अडकलेली टाकाऊ नायलॉन जाळी काढायचा विचार आहे.

पण तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, शिवाय प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये (सर्वाधिक संरक्षणाची यादी), म्हणजे जाळं ओढताना फांदी तुटली तर आपणच गुन्हेगार! परवानगीचा अर्ज थेट वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे करायचा का, आणि किती आधी? जाळं कापायला कात्री बरी की लाइन कटर? लिफ्ट बॅग (जड जाळं वर आणायला हवा भरायची पिशवी) नवख्यांच्या हातात द्यायची माझी तरी हिंमत नाही.

आणि मुख्य म्हणजे तिथल्या मच्छीमारांशी आधी बोलायचंय, जाळी नेमकी कुठे अडकतात ते त्यांनाच ठाऊक. कासव सोडवायला जाळं कापलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची सरकारी योजना आहे, तिथून विषय काढू का? मुंबईची पोरं शहाणपणा शिकवायला आली असं नको वाटायला. मालवणी बोलणारं कोणी सोबत येईल का?