शेळ्यांच्या जंतांवर वनस्पतींचे अर्क कितपत भरवशाचे आहेत?

प्रश्न

नियमित जंतनाशक पाजूनही माझ्या कळपातील काही शेळ्या खंगत चालल्या आहेत, दोघींच्या जबड्याखाली सूज आहे आणि करडांची वाढ खुंटली आहे. एकाच गटातील औषध सतत दिल्यामुळे ते आता जंतांवर चालत नसावे, असा मला संशय आहे. कडुनिंब, लसूण, वावडिंग आणि पळसाच्या बिया यांचे अर्क गुणकारी असल्याचे वारंवार वाचनात येते. नेहमीचे औषध थांबवून या अर्कांवर विसंबता येईल का, आणि त्यांची मात्रा कशी ठरवावी?

उत्तर १

सूज आलेल्या शेळ्यांवर कृपया अर्काचा प्रयोग करू नका. जबड्याखाली पाणी साठते ते बहुधा रक्तातील प्रथिने घटल्यामुळे, आणि त्यामागे अनेकदा हिमॉन्कस हा रक्त शोषणारा जंत असतो. तो आतड्यात नव्हे, तर चौथ्या पोटात राहतो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त घेतो, म्हणजे हजारो जंत असलेल्या शेळीला वाट पाहायला वेळच नसतो. पापणीची आतली बाजू पांढुरकी दिसत असेल, तर आजच पशुवैद्यकांना दाखवा आणि वेगळ्या गटातील औषधाबद्दल विचारा. मात्राही तपासून घ्या, कारण शेळीचे शरीर अनेक जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते आणि मेंढीच्या मात्रेने तिच्या पोटातील जंत पुरेसे मरत नाहीत.

आता अर्कांविषयी. आपण उल्लेख केलेल्या वनस्पतींची कीर्ती बरीचशी प्रयोगशाळेतील चाचण्यांवर उभी आहे, जिथे अंडी किंवा अळ्या थेट अर्कात ठेवल्या जातात. शेळीच्या पोटात तोच अर्क कित्येक लिटर द्रवात मिसळून विरळ होतो आणि तेथील सूक्ष्मजीव त्यातील अनेक घटक चौथ्या पोटात पोहोचण्यापूर्वीच मोडून टाकतात. शिवाय ऋतू, झाडाचा भाग, वाळवण्याची पद्धत आणि अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यांनुसार त्याची ताकद बदलते; म्हणूनच सर्वांना लागू पडेल अशी मात्रा मी सांगणार नाही. गाभण शेळ्यांना तर असे अर्क देऊच नयेत.

उत्तर २

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र वनस्पतींचा एक उपयोग अधिक भक्कम आहे, तो म्हणजे टॅनिनयुक्त (तुरट चवीचा घटक असलेला) पाला चाऱ्यातून नियमित देणे. अशा चाऱ्याने जंतांची अंडी घालण्याची क्षमता घटते आणि प्रथिनांचा काही भाग पहिल्या पोटात न मोडता पुढे जाऊन शेळीच्या अंगी लागतो. मात्र टॅनिनचे प्रमाण फार वाढले, तर खाणे आणि पचन दोन्ही मंदावतात.

प्रश्नकर्ता

सुजलेल्या शेळ्या लगेच दाखवतो. परंतु पूर्वी अर्क पाजल्यावर लेंड्यांत तांदळासारखे पांढरे तुकडे दिसले होते, त्याचा अर्थ काय?

उत्तर १

ते पट्टकृमीचे तुकडे असावेत. ते औषधाशिवायही पडतात आणि हिमॉन्कसच्या तुलनेत पट्टकृमी कमी घातक असतो, त्यामुळे त्यांवरून अर्काचा गुण ठरवता येत नाही. हिमॉन्कसची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी उपचाराच्या दिवशी आणि त्यानंतर 10 ते 14 दिवसांनी त्याच शेळ्यांच्या लेंड्यांतील अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजून घ्यावीत. रासायनिक औषधाने अंडी 95 टक्क्यांपेक्षा कमी घटली, तर प्रतिकारशक्ती आलेले जंत कळपात असल्याचा संशय घ्यावा. अर्क तपासायचाच असेल, तर फक्त सशक्त शेळ्या निवडून त्यांतील काहींना तो देऊ नये; अन्यथा हवामानामुळे घटलेली अंडी अर्काच्या खात्यावर जमा होतील.

उत्तर ३

चराईकडेही लक्ष द्यावे. अळ्या बहुतांशी गवताच्या खालच्या भागात, जमिनीपासून सुमारे 5 सेंटिमीटरपर्यंत असतात. त्यामुळे गवत तेवढे खुरटण्यापूर्वीच कळप हलवावा आणि उंच झाडोऱ्याचा पाला जास्त खाऊ घालावा. तसेच बहुतेक जंत कळपातील थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात, म्हणून सरसकट सर्वांना औषध पाजण्याऐवजी पापणी पाहून गरजू शेळ्यांनाच ते दिल्यास औषधाला दाद देणारे जंत कुरणात टिकून राहतात आणि प्रतिकार सावकाश वाढतो.