मदत हवी आहे: पुस्तक-परीक्षणांच्या साइटवरचा मराठी शोध

आमची परीक्षणांची साइट नव्याने बांधतोय. वर्डप्रेस, मायएसक्यूएल डेटाबेस, सुमारे १,२०० परीक्षणं, सगळी युनिकोडमध्ये. ‘कादंबरी’ शोधलं की ‘कादंबऱ्या’ असलेली परीक्षणं येतच नाहीत, आणि वाचक रिकाम्या हाताने परततो याचं फार वाईट वाटतं. ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकला जातो; ते साठवतानाच एकसारखं करून घेतलंय. एनग्रॅम पार्सर (मजकुराचे ठरावीक अक्षरांचे तुकडे करून शोधणारी मायएसक्यूएलची सोय) लावून पाहिला, पण तो काना-मात्राही सुटं अक्षर धरतो, त्यामुळे भलतीच परीक्षणं वर येतात. शेअर्ड होस्टिंग (अनेक साइट्सचा एकच सर्व्हर) असल्याने इलॅस्टिकसर्च हे वेगळं चालवावं लागणारं शोध-सॉफ्टवेअर नको. लेखक, साहित्यप्रकार असे टॅग आहेतच. आता प्रत्यय छाटून मूळ शब्द वेगळ्या स्तंभात ठेवायचा विचार आहे. सामान्यरूपाचे (प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दात होणाऱ्या बदलाचे) नियम कुणी पीएचपीत, म्हणजे वर्डप्रेसच्या प्रोग्रॅमिंग भाषेत, उतरवलेत का, की हाताने केलेली शब्दयादीच बरी?