पॅनलसमोरची मॅट वेगळी, ठिणग्यांखालची वेगळी

आयएस 15652 (विजेच्या इन्सुलेटिंग मॅटचं भारतीय मानक) छापलेली रबर मॅट वेल्डिंग टेबलाजवळ चालेल का, असं तुम्ही विचारलंय. ती मॅट विजेच्या पॅनलसमोर उभं राहण्यासाठी, शॉकपासून वाचवायला. वितळलेल्या लोखंडाचे थेंब झेलणं हे तिचं काम नाही. पोलाद साधारण 1500 अंशांना वितळतं, त्यापुढे साधं रबर काय टिकणार?

कुपवाडच्या आमच्या शेडमध्ये आम्हीही साधीच टाकली होती. गॅस कटिंगचा एक गोळा तिच्यात रुतला आणि धुमसत राहिला. हेल्पर जवळ होता म्हणून वेळेत कळलं. तेव्हापासून कटिंगखाली लोखंडी पत्रा आणि कोरड्या वाळूचा ट्रे असतो. वेल्डर उभा राहतो तेवढ्याच जागी वेल्डिंगसाठीची म्हणून मिळणारी नायट्राइल रबराची मॅट. भोकांची घेऊ नका, ठिणग्या खाली जाऊन बसतात आणि दिसतही नाहीत. कडा उतरत्या बघा.

पावसाळ्यात ती रोज उचलून वाळवा. ओल्या मॅटवर उभं राहून रॉड बदलणं जिवावर बेतू शकतं.

ठिणग्या 10-11 मीटरपर्यंत जातात, त्यामुळे थिनरचे डबे आणि चिंध्या आधी हलवा. काम थांबल्यावरही तासभर कुणीतरी तिथे लक्ष ठेवून हवंच.