मदत हवी आहे: डाऊन सिंड्रोम असलेला भाऊ मंदावत चाललाय, आणि आईनंतर त्याचा पालक कोण?

नमस्कार मंडळी,

माझं माहेर बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, सासर गडहिंग्लजला. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम आहे (जन्मापासूनच बुद्धीची वाढ मंद). बाबा नाहीत. घरी ६७ वर्षांची आई आणि तो, दोघंच.

रोज सकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीला जाणं हे त्याचं काम. पावसातही खाडा नाही. परत आला की डेअरीचं पुस्तक आईपुढे उघडून आजच्या आकड्यावर बोट ठेवायचा, आणि ती "शाब्बास" म्हणेपर्यंत बोट उचलायचा नाही. गणपतीपासून तो वाटेतच मारुतीच्या कट्ट्यावर बसून राहायला लागला. किटली मांडीत, डोळे मिटलेले. पुस्तक खिशातच. आवाज घोगरा झाला, पोट साफ होईना, दिवसभर झोप.

दोन ठिकाणी दाखवलं. दोन्हीकडे हात लावायच्या आधीच उत्तर तयार: "अशा मुलांचं असंच असतं." तिसऱ्या ठिकाणी मी हट्टाने रक्त तपासायला लावलं, तर टीएसएच खूप वाढलेलं, म्हणजे थायरॉईड ग्रंथी कमी काम करतेय. गोळी सुरू होऊन महिना झाला, थोडा फरक आहे.

डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडचा त्रास इतका नेहमीचा, की तो वर्षा-दोन वर्षांतून एकदा तपासावा असं वैद्यकशास्त्रच सांगतं. माझ्या भावाचा ३४ वर्षांत एकदाही तपासला नव्हता! अशा माणसाचं प्रत्येक दुखणं त्याच्या मतिमंदपणाच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं, हे फार वाईट आहे. इंग्लंडच्या नैऋत्य भागात बौद्धिक अक्षमता असलेल्या २४७ जणांच्या मृत्यूंची चौकशी झाली, अहवाल २०१३ चा. पुरुष इतरांपेक्षा १३ वर्षं आणि बायका २० वर्षं आधी गेल्या होत्या. तिकडे आता वयाच्या १४ व्या वर्षापासून अशांची दरवर्षी पूर्ण तपासणी करून घेता येते. वाचून रात्रभर झोप लागली नाही.

आता विचारायचं ते. थायरॉईडशिवाय अजून काय तपासून घेऊ? दुसरं, दिव्यांग प्रमाणपत्राच्या शिबिरात त्याची परीक्षा घेताना कन्नडमध्ये "निन्न हेसरु एनु?" (तुझं नाव काय?) असं विचारलं. तो आईकडे बघत राहिला. मराठीत विचारलं असतं तर नाव, गाव, बाबांचं नाव, सगळं सांगितलं असतं. अशी परीक्षा पुन्हा मराठीतून करून घेता येते का? आणि तिसरं, जे आईला विचारायचं धाडस होत नाही: तिच्यानंतर कायद्याने त्याचा पालक मी होऊ शकते का? मी महाराष्ट्रात, तो कर्नाटकात.

प्रतिसाद १ (मिरजेहून, परिचारिका)

ताई, हट्ट केलात ते फार चांगलं केलंत. गोळी सुरू केल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच परत करा, डोस त्यावर ठरतो. तो घोरतो का? झोपेत श्वास अडकणं यांच्यात खूप आढळतं आणि दिवसाची झोप त्यामुळेही येते. कानातला मळ आणि ऐकू येणं तपासा, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर होतो तोही बघा. लहानपणी हृदयाची इको झाली नसेल तर आता करा. कुणी स्मृतिभ्रंश म्हणालं तर घाबरू नका. डाऊनमध्ये तो लवकर येतो हे खरं, पण थायरॉईड, झोप, कान आणि मनाची उदासी हे सगळं बघितल्याशिवाय तो शिक्का मारू द्यायचा नाही. डॉक्टरांकडे जाताना किटलीची आणि पुस्तकाची गोष्ट कागदावर लिहून न्या. 'आधी काय करायचा, आता काय करत नाही' हे वाचलं की "असंच असतं" म्हणता येत नाही.

प्रतिसाद २ (निपाणी)

आमची मुलगी २३ वर्षांची. मूल १८ चं झालं की आईवडीलसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे आम्हालाही उशिरा कळलं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात पालक नेमणारी स्थानिक समिती असते, अध्यक्ष डीसी (जिल्हाधिकारी). अर्ज फॉर्म ए वर. नातेवाइकांनाही अर्ज करता येतो, म्हणून बहीण आहात तर कराच. दुसऱ्या राज्यात राहता हे अर्जात स्पष्ट लिहा आणि आधी आईच्या नावाने करून घ्या. कन्नड कागदांसाठी ग्रामपंचायतीतल्या व्हीआरडब्ल्यूला (दिव्यांगांसाठीचा गावपातळीवरचा पुनर्वसन कार्यकर्ता) गाठा, त्यांचं कामच ते. त्याच न्यासाची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. प्रमाणपत्राच्या परीक्षेच्या वेळी आम्ही अडून बसलो की प्रश्न आई मराठीत विचारेल. त्यांनी ऐकलं.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हो, घोरतो. मध्येच दचकून उठतो, आई म्हणायची स्वप्न पडलं असेल. आज रात्री शेजारचा मुलगा मोबाईलवर त्याच्या झोपेचा व्हिडिओ काढून देणार आहे. सोमवारी माहेरी जातेय, आधी पंचायत, मग दवाखाना. पालकत्वाचं आईशी मीच बोलते. अर्जाला कुठले कागद जोडलेत तेवढं सांगाल का?